वू-वेई म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे!

मधलीसुट्टी: परवाच्या 'ताओ आणि ऑफिसचा ताण' लेखावर प्रतिसाद लिहायला घेतला तो लांबला, म्हणून वेगळा धागा. लेखकराव म्हणतात, ताओ या जुन्या चिनी विचारातलं वू-वेई म्हणजे काही न करणं. साहेब ओरडला की पाण्यासारखं वाहू द्यायचं. अहो, च्वांगत्झू या ताओवादी विचारवंताच्या ग्रंथातल्या तिसऱ्या प्रकरणातला तिंग आचारी वाचलात का? १९ वर्षं एकच सुरी, हजारो बैल कापले, तरी धार नुकती दगडावरून उतरल्यासारखी. कारण तो हाडावर घाव घालत नाही, सांध्याच्या फटीतून पातं फिरवतो. आणि अवघड जागा आली की थबकतो, नजर खिळवतो, हात हळू करतो. याला वाहू देणं म्हणतात?

खाटकाची_लेक: १९ वर्षं? आमच्या दुकानात वडील दिवसातून दहादा सुरी सळईवर घासायचे. लिहिणाऱ्याने बोकडही सोलला नसणार.

मधलीसुट्टी: ताई, रूपक आहे ते.

खाटकाची_लेक: रूपक तुमच्यासाठी. नवीन पोरगा फऱ्याचा सांधा सोडून हाडावर मारायचा, पातं मोडायचं आणि वडिलांच्या शिव्या खायचा. सांधा बोटाने चाचपायचा, मग टोक आत घालायचं. ते बरोबर लिहिलंय. पण धार लावावीच लागते.

वितंडवादी: पोथीत 'धार लावली नाही' असं कुठेय? फक्त सुरी बदलली नाही. साधा आचारी महिन्याला बदलतो, चांगला वर्षाला.

खाटकाची_लेक: मग ठीक. पण दगडाला श्रेय द्या की जरा.

इंद्रायणीकाठ: चीनला कशाला जायचं? सगळं ज्ञानेश्वरीत आहे.

वितंडवादी: आले! कोणती ओवी, तेवढं सांगा. दरवेळी 'सगळं आहे' म्हणून पळता.

इंद्रायणीकाठ: भाषा सांभाळा. अठराव्या अध्यायात स्वकर्माच्या फुलांनी पूजा करायला सांगितलंय. शोधा.

वितंडवादी: बरं, ही दिली. पहिल्यांदाच.

निवांत_नाना: मूळ लेख माझाच. तिंगची गोष्ट मी इंग्रजी सारांशातच वाचली होती, मान्य. पण च्वांगत्झूच्याच गोष्टीतल्या माकडांचं काय? सकाळी तीन, संध्याकाळी चार फळं म्हटल्यावर चिडली. सकाळी चार, संध्याकाळी तीन म्हटल्यावर खूश. आमच्या कंपनीने बेसिक कमी करून तेवढाच भत्ता वाढवला, आणि आम्ही पेढे वाटले. पीएफची चिठ्ठी आली तेव्हा कळलं. त्या दिवशी वाहू दिलं नसतं तर बीपीची गोळी सुरू झाली असती.

मधलीसुट्टी: नाना, माकडांची बेरीज तरी सातच राहिली होती. तुमचा पीएफ घटला.

खाटकाची_लेक: यांना सांधा सापडलाच नाही.