अनुभव धागा: लग्न ठरवताना समोरच्याच्या करिअरबद्दल काय विचारलंत?

अकरा मिनिटं (धागाकर्ती)

भाचीसाठी स्थळं बघणं चाललंय. वय २८, मुंबईत चांगली नोकरी. एका मुलाने अपेक्षांच्या रकान्यात लिहिलंय, ‘महत्त्वाकांक्षी, पण घर सांभाळणारी’. त्या ‘पण’वर ती दोन दिवस अडून बसली आहे. मला म्हणाली, "मावशी, पुढे काय करायचंय हे तू काकांना विचारलं होतंस का?" आठवून पाहिलं. मी विचारलं होतं, डोंबिवली स्टेशन घरापासून किती लांब. अकरा मिनिटं म्हणाले होते. एकवीस निघाली.

तर लिहा. जोडीदाराची धडपड, हाव, आळस, जे काही असेल ते तुम्ही आधी पाहिलंत का, आणि नंतर काय निघालं? उपदेश नको, तो तिला घरी भरपूर मिळतोय.

कडूकारलं

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर लिहायचंय.

पेठेतला माजी

२०१५ ते २०२१ सदाशिव पेठ, एमपीएससीची तयारी. अभ्यासिका, मेस, कॉट बेसिस, सगळं आलं. ती त्याच अभ्यासिकेत दोन टेबलं सोडून बसायची. तिला कर सहायकाची पोस्ट निघाली, तिने घेतली. मी म्हटलं, मला राज्यसेवाच, क्लास वनचीच पोस्ट. तिला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माझ्या नोट्सच्या झेरॉक्स तीच काढून आणायची.

१४ मार्च २०२१ची पूर्व परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली, तेव्हा आम्ही पोरं रस्त्यावर उतरलो होतो. त्या गोंधळात तिचा फोन आला. म्हणाली, "परीक्षा पुढे गेली की आपलं लग्न पुढे जातं. हे मी चौथ्यांदा ऐकतेय." आठवडाभराने परीक्षा झाली. माझं पूर्व निघालं, मुख्य नाही. तिचं लग्न त्याच दिवाळीनंतर झालं.

तीन वर्षं मी सांगत फिरलो की तिला माझी महत्त्वाकांक्षा पेलवली नाही. तिने सहा वर्षं पेलली होती. तिला फक्त एक तारीख हवी होती, आणि ती देणं माझ्या हातात होतं, आयोगाच्या नव्हे.

शाखा क्रमांक विसरा

आमच्यात उलटं झालं. मी सरकारी बँकेत क्लार्क. बघायला आले तेव्हा सासूबाई खूश, "बँकेतली मुलगी म्हणजे वेळेवर घरी." (बँकेत कोणी वेळेवर घरी जातं हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे.) माझी आई मात्र नाखूश. मुलगा एका लहान कंपनीत ड्राफ्ट्समन, बढतीची घाई नाही, संध्याकाळी कॅरम. आई म्हणाली, धडाडी नाही. मलाही जरा तसंच वाटलं होतं. केलं, कारण माणूस बोलायला बरा होता.

आमच्याकडे क्लार्कचा ऑफिसर झाला की बदली ठरलेली. प्रमोशनचं सर्क्युलर यायचं, मी फॉर्म भरायचे नाही. पहिल्यांदा पोटुशी होते, दुसऱ्यांदा मुलगा लहान, तिसऱ्यांदा सासऱ्यांचं ऑपरेशन. बरोबरीचे पुरुष पुढे गेले. बायकांपैकी निम्म्या माझ्यासारख्याच कॅश काउंटरवर. चौथ्यांदा सर्क्युलर आलं तेव्हा नवऱ्याने परस्पर बँकेतल्या मैत्रिणीकडून शेवटची तारीख काढली आणि फ्रिजवर चिकटवली. बोलला काही नाही.

पोस्टिंग बुलढाणा जिल्ह्यात. मुलगा आठ वर्षांचा, घर ठाण्यात. दोन वर्षं मी महिन्यातून एकदा विदर्भ एक्सप्रेसने ये-जा केली. नवऱ्याने डबे केले, शाळेच्या मीटिंगा केल्या, पहिले सहा महिने भाजीत मीठ दोनदा घातलं. सासूबाई माझ्याशी चार महिने फोनवर फक्त हवामानावर बोलल्या.

आता मी मॅनेजर आहे. तो अजून ड्राफ्ट्समनच, अजून कॅरम. दोघंही धावत असतो तर मुलाला मीटिंगला नेलं कोणी असतं? हे मी त्याला कधी बोलून दाखवलेलं नाही. इथे लिहितेय म्हणजे तो वाचेलच.

गुरुजी, हजर

आमच्या शिक्षकांत महत्त्वाकांक्षा कोण विचारतो! जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला जिल्हा परिषदेचीच शिक्षिका हवी, कारण बदलीत पती-पत्नी एकत्रीकरणाचा लाभ. पत्रिकेत छत्तीस गुण नसले तरी चालतील, दोन शाळांमध्ये ३० किलोमीटरपेक्षा कमी अंतर पाहिजे. आमचं २४ आहे. सुखी आहे.

अकरा मिनिटं

@गुरुजी, भाची हसून लोळली. @शाखा, ती फ्रिजवरची तारीख मला फार आवडली.

बर्फात तुळस

आर्किटेक्ट, पुण्याची. २०११ साली लग्न, नवरा न्यू जर्सीत एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर. पोहे खाऊन झाल्यावर गच्चीत अर्धा तास बोललो. त्याने पुढच्या दहा वर्षांचा नकाशाच मांडला, कुठली कंपनी, कुठलं पद, घर कधी. मी भाळले. माणसाला इतकं स्पष्ट दिसतं याचंच कौतुक. त्या नकाशात मी कुठे बसते हे मी विचारलं नाही, त्यालाही सुचलं नाही.

एच-४वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडून आलेल्या बायकोला तेव्हा काम करायची परवानगीच नव्हती. मला वाटायचं, काहीतरी सोय असेल. सोय नव्हती. ऐपत होती, डिग्री होती, आणि मी लायब्ररीत फुकट मुलांना गोष्टी वाचून दाखवत होते. मे २०१५मध्ये नियम बदलला, पण नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठराविक टप्प्यापर्यंत गेलेलं असेल तरच, बहुतेकदा म्हणजे आय-१४० हा अर्ज मंजूर झालेला असेल तर. त्याने त्याच सुमारास नोकरी बदलली, नव्या कंपनीने ते काम रखडवलं, आमचा मंजूर झाला २०१७मध्ये. सहा वर्षं. तोवर मी शिकलेलं सॉफ्टवेअर दोनदा जुनं झालं होतं.

नवरा वाईट नाही. पण ती नोकरी बदलताना त्याने पगार मोजला, पद मोजलं, माझी परवानगी मोजली नाही. यावर आम्ही २०१९ साली एकदा खरं भांडलो. त्याआधी मी फक्त भांडी आपटायची.

भाचीला सांगा, पगार विचार आणि व्हिसाचा प्रकारही विचार. गच्चीतच.

सांगोल्याचा डाळिंबवाला

वाचून बरं वाटलं, इथं निदान करिअर आहे म्हणून प्रश्न पडलेत. आमच्याकडं शेतीला करिअर धरतच नाहीत. १२ एकर, त्यातली ७ डाळिंब, ठिबक, शेततळं, निर्यातीसाठी बागेची नोंदणी. पोरीचे वडील विचारणार, "बाकी नोकरी काय करता?" पुण्यात कंपनीत पंधरा हजारावर असलेल्या माझ्या चुलतभावाला तीन स्थळं आली, मला चार वर्षांत एक. २०२२च्या डिसेंबरात सोलापुरात पोरं बाशिंग बांधून घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली, बायको द्या म्हणून. टीव्हीवर लोक हसले. मी त्यात नव्हतो, पण हसायलाही आलं नाही.

आता दुसरी बाजू. त्या बापांचंही खोटं नाही. डाळिंबावर तेल्या रोग आला, मग खोडाला पिन होल बोरर ही पोखरणारी कीड लागली, आमच्या तालुक्यात बागाच्या बागा काढून टाकल्या लोकांनी. माझ्या दोन एकर गेल्या. त्या वर्षी पोरगी कोण देईल? मी बाप असतो तर मीपण दिली नसती.

शेवटी जमलं ते असं. मुलगी बीएस्सी ॲग्री. पहिल्याच भेटीत म्हणाली, "मला कृषी सेवा केंद्र काढायचंय, नोकरी नको. तुमची अडचण आहे का?" मी म्हटलं, रस्त्याकडेला गाळा आहे, सध्या पोती ठेवलीत. ती म्हणाली, दाखवा. चहा निवायच्या आत आम्ही दोघं गाळा बघायला, मागं सगळे पाहुणे. खता-औषधाच्या परवान्याला तिची डिग्री चालते, त्यामुळं परवाना तिच्या नावावर. गल्ल्यावर माझी आई बसते आणि उधारी कुणाला देत नाही, मलासुद्धा.

सध्याचा घरी

गेली ९ वर्षं मुली मी सांभाळतो, बायको सर्जन. लोक विचारतात, "सध्या काय करतोस?" त्या ‘सध्या’चा कंटाळा आलाय. बाकी नंतर, कुकर लावायचाय.

पेठेतला माजी

@सांगोला, "दाखवा" म्हणाली ना, तिथेच जमलं होतं तुमचं.

अकरा मिनिटं

भाची त्या ‘पण’वाल्याला रविवारी भेटली. तिने विचारलं, माझी बंगळूरला बदली झाली तर? तो म्हणाला, विचार केला नाही, आठवड्याने सांगतो. घरच्यांना हे उत्तर पोकळ वाटलं. तिला बरं वाटलं. आठवडा परवा संपतोय.

कडूकारलं

रुमाल उचलते. चार परिच्छेद लिहिले होते. टाकण्याआधी नवऱ्याला वाचायला दिले. वाचून म्हणाला, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. बावीस वर्षं झाली लग्नाला. आता आधी घरात बोलून घेतो, इथे मग बघू.