मदत हवी आहे : कचरा शेडमध्ये मल्चिंग पेपर आणि शेतीच्या औषधांच्या बाटल्यांचा ढीग

नमस्कार मंडळी,

मी कराड तालुक्यातल्या साधारण ३,८०० वस्तीच्या गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत मिळतात. त्यातून आणि वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरायच्या) निधीतून आमचं वर्गीकरण शेड आणि कंपोस्ट खताच्या दोन नाडेप टाक्या उभ्या राहिल्या. घंटागाडी रोज फिरते, बचत गटाच्या दोन ताई कचरा वेगळा करतात.

घरचा कचरा आता बऱ्यापैकी मार्गी लागलाय. ओला कचरा, शेण आणि चाळलेली माती थरावर थर देऊन टाकी भरली की साडेतीन-चार महिन्यांत खत होतं. पहिलं खत शाळेच्या परसबागेला दिलं.

अडचण शेतातल्या कचऱ्याची आहे. गाडी सुरू झाल्यापासून लोक रानातलंही सगळं तिच्यातच टाकतात. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला नेतो. टोमॅटो-मिरचीच्या वाफ्यांवर अंथरतात तो प्लास्टिकचा मल्चिंग पेपर मात्र कुणी हातात घेत नाही. पातळ, फाटलेला, मातीनं माखलेला. शेडमागे त्याचा डोक्याइतका उंच ढीग झालाय. वळवाच्या पावसात त्यातला काही ओढ्याला गेला आणि रस्त्याखालच्या मोरीत अडकला. काढायला आम्ही चौघं उतरलो होतो.

त्याहून मला खातं ते कीटकनाशकांच्या बाटल्यांचं. एका ताईंच्या हाताला फोड आले. त्या दिवसापासून बाटल्यांना हात लावू नका म्हणून सांगितलंय, पण बाटल्या यायच्या थांबलेल्या नाहीत.

वेंगुर्ल्याचा कचरा डेपो मुद्दाम जाऊन बघितला. वर्गीकरण बघून थक्क झालो, पण तिथला कचरा शहराचा. शेतीचा कचरा सांभाळणारं गाव मला हवंय.

तर विचारायचं असं, की मल्चिंग पेपर कुठे देता? बाटल्यांचं काय करता? आणि ताईंचा पगार कशातून काढता? आमची पाणीपट्टीच वेळेवर येत नाही.

प्रतिसाद (जुन्नरच्या एका ताईंचा) :

दादा, आमचा जुन्नर भाग, टोमॅटोचाच. पेपर गाडीत येऊच देऊ नका, तिथंच सगळं बिघडतं. पीक निघालं की पाऊस पडायच्या आत, कोरड्या रानातच तो काठीला गुंडाळायचा आणि झटकून माती तिथंच पाडायची. असे कोरडे गुंडाळे आम्ही महिन्यातून एकदाच, ठरल्या दिवशी घेतो. माती नसेल तरच पुढं कुणी घेतं. मिशनमधून तालुक्याला प्लास्टिक कचऱ्याच्या युनिटसाठी १६ लाखांपर्यंत तरतूद आहे, तुमच्या पंचायत समितीत चौकशी करा.

बाटल्यांचं काम फवारणीच्या वेळीच व्हायला हवं. बाटली रिकामी झाली की पाण्यानं तीनदा खळबळून ते पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे घरात तेल-रॉकेलला कुणी वापरणार नाही. जाळायची नाही, विहिरीकडेला टाकायची नाही. शेडमध्ये तिला कुलपाचं वेगळं पिंप ठेवा आणि ताईंना रबरी हातमोजे आजच आणून द्या, ग्रामसभेची वाट बघू नका.

पगाराचं आम्हालाही जड जातं. घरटी महिना ३० रुपये ठरवले, निम्मे देतात. खत विकून थोडी भर पडते.

धागाकर्ता :

मनापासून आभार ताई. हातमोजे उद्या सकाळीच आणतो. तीनदा खळबळायचं मलाच माहीत नव्हतं, मग शेतकऱ्यांना कोण सांगणार? विकास सोसायटीत आणि औषधाच्या दुकानात फलक लावतो.

एक राहिलंच. उसाच्या खोडव्यातलं पाचट (वाळलेला पाला) अजून पेटवतात, मागच्या वर्षी ती आग शेडच्या कुंपणापर्यंत आली होती. पाचट कुट्टीचं यंत्र ग्रामपंचायतीनं घेऊन भाड्यानं दिलंय असं कुठलं गाव आहे का? तासाला किती घेता, डिझेल कुणाचं, ड्रायव्हर कुणाचा, एवढं कळलं तरी पुढच्या मासिक सभेत विषय मांडता येईल.