डोळा काढून कुत्री जगवली, यात चुकले कुठे?

हिरण्यकेशीकाठी

परवा मी आमची कुत्री तांबू हिचे छायाचित्र इथे टाकून ती डोळा काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर बरी झाल्याचे कळवले होते. त्याखाली टिळकवाडीकर यांनी लिहिले की, अर्धांधळ्या जनावराला जगवणे ही दया नसून माणसाची हौस आहे आणि सुज्ञ माणसाने त्याला त्याच दिवशी कायमचे झोपवले असते. इतर प्रतिक्रिया मी सोडून दिल्या, पण हेच मत मला संकेश्वरच्या बाजारात आणि आमच्या भावकीतही ऐकावे लागले असल्यामुळे याला सविस्तर उत्तर देत आहे.

तांबू ऊसतोड टोळीबरोबर आमच्या शिवारात आली. गाळप सुरू झाले की टोळ्या येतात, खोपटी पडतात, त्यांच्याबरोबर कुत्रीही येतात. हंगाम संपल्यावर ट्रॉलीत भांडीकुंडी आणि पोरेबाळे बसली की जागा उरत नाही आणि एखादे कुत्रे बांधावरच राहून जाते. ही आम्हाला दिसली तेव्हा तिचा डावा डोळा फुटलेला होता, पापणीखालून पू वाहत होता आणि ती ते तोंड मातीत घासत होती. उसाच्या पात्याने बुबुळ कापले जाऊन जखम चिघळली असावी, असा पशुवैद्यांचा अंदाज होता. त्या डोळ्याची दृष्टी गेलेलीच होती, म्हणजे आम्ही तिची दृष्टी काढून घेतली नाही, तिची वेदना काढून घेतली. डोळा काढून पापण्या शिवल्यावर, सूज उतरताच, तिने तोंड घासणे थांबवले आणि ती भाकरीच्या टोपलीपाशी येऊन बसू लागली. आज ती गोठ्यातून ओट्यावर उडी मारते, घरातल्या प्रत्येकाची चाहूल ओळखते आणि माझ्या सासऱ्यांबरोबर मळ्यापर्यंत चालत जाते. अशा जनावराला मारून टाकण्यात कोणती सुज्ञता आहे, हे टिळकवाडीकरांनी मला समजावून सांगावे.

टिळकवाडीकर

मी लिहिले ते मागे घेणार नाही. आमच्याकडे पामेरियन होता. त्याला काचबिंदू झाला, डोळा वाढून बाहेर आल्यासारखा दिसू लागला, आणि आम्ही थेंब, गोळ्या, बेळगावहून कोल्हापूरला चकरा असे सर्व करत राहिलो. प्रत्येक वेळी 'बघू या' असे सांगण्यात आले आणि प्रत्येक वेळी तो आणखी कोमेजला. रात्री तो भिंतीला डोके टेकून उभा राहत असे. अखेर त्याला झोपवले तेव्हा माझ्या आईने मला एकच प्रश्न विचारला की, इतके दिवस त्याला कशासाठी ठेवलेस? म्हणून 'बरी झाली, बरी झाली' असा गजर ऐकला की मला राग येतो. जनावर बोलत नाही. ते शेपटी हलवते म्हणजे सुखात आहे असे आपण ठरवतो.

दुसरे असे की, टोळीवाल्यांना आपण किती सहज क्षमा केलीत! पाळलेले जनावर टाकून जाणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, एवढीच त्याची किंमत आहे, हे वेगळे.

चिकोडीचा पशुवैद्य

दोन्ही प्रकरणे एका तराजूत घालू नयेत. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारणपणे 10 ते 25 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. काचबिंदूत तो वाढतो, डोके सतत ठणकते, जनावर खाणे सोडते आणि कोपऱ्यात जाऊन पडते. मालकाला वाटते की ते म्हातारे झाले. थेंबांनी दाब उतरत नसेल आणि दृष्टी गेलेली असेल, तर तो आंधळा, दुखरा डोळा काढणे हा नेहमीचा उपचार असतो. टिळकवाडीकरांच्या कुत्र्याला मी पाहिलेले नाही, म्हणून त्याच्या बाबतीत काही म्हणणार नाही. पण डोळा काढणे आणि जनावराला मारणे या दोनच वाटा होत्या आणि दुसरी दयेची होती, असे सरसकट मानणे बरोबर नाही.

कुत्र्याचे दृष्टिक्षेत्र सुमारे 240 अंशांचे असते, माणसाचे सुमारे 180. एक डोळा गेला की त्या बाजूचा मोठा भाग जातो, अंतराचा अंदाज काही काळ चुकतो, पायरी उतरताना पाय अडखळतो. मग जनावर मान वळवून पाहण्याची सवय लावून घेते. शिवाय कुत्र्याचे जग आधी नाकाचे, मग कानाचे आणि त्यानंतर डोळ्याचे असते. टाके 10 ते 14 दिवसांनी निघतात, तोपर्यंत डोळा खाजवू न देणारी गळ्यातली शंकूसारखी कॉलर काढायची नसते. सुरुवातीला त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित पाणी येते, कारण अश्रुनलिका नाकात उघडते. त्यामुळे घरचे घाबरतात. घाबरण्याची गोष्ट निराळी आहे. डोळा लाल झाला की लोक दुकानातून माणसाचे थेंब आणून घालतात. त्यांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल, तर वाचण्यासारखा डोळाही फुटतो. आधी जखम हिरवी दाखवणाऱ्या रंगाचा थेंब घालून ती आहे का हे तपासावे लागते आणि मगच औषध ठरते. एवढे पाळले तरी आमच्याकडे येणारे कितीतरी डोळे काढावे लागणार नाहीत.

निपाणीकर

कुत्रीच्या डोळ्यावर एवढी चर्चा झाली. आता कुत्रे चावलेल्या माणसाचेही कोणीतरी ऐकावे. माझ्या भाच्याला गल्लीतल्या कुत्र्याने पोटरीला फाडले. जवळच्या सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत सोडायचे इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे, नव्हते; ते मिळवण्यासाठी माझी बहीण मुलाला मांडीवर घेऊन दुसऱ्या गावी गेली. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही, ही भीती ज्या घराने अनुभवली आहे, त्या घराला एकाक्ष कुत्रीच्या उड्यांचे कौतुक कसे वाटावे? बांधावर राहिलेली कुत्री उचलून घरात आणली, तिला आंधळ्या बाजूने कोणाचे पोर हात लावायला गेले आणि दचकून ती चावली, तर जबाबदारी कोणाची? हिरण्यकेशीकाठी यांनी याचे उत्तर द्यावे.

हिरण्यकेशीकाठी

जबाबदारी आमची. तांबूला घरात घेतल्यावर रेबीजची लस दिली, पुढची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे आणि टाके सुकल्यानंतर तिचे निर्बीजीकरणही करून घेतले. डाव्या बाजूने येताना आधी हाक मारायची, हे आमच्या वाड्यातल्या पोरांना सांगितले आहे आणि ती ते पाळतात. आपल्या भाच्याला झालेला त्रास खरा आहे, परंतु तो लस न दिलेल्या कुत्र्यामुळे झाला. ज्यांनी लस दिली, त्यांनाच आपण जाब विचारत आहात.

वडगावची विणकर

लसीचा विषय निघालाच आहे, तर मला बोलणे भाग आहे. आमच्या भागात कुत्र्यांच्या लसीकरणाचे शिबिर झाले. त्याचा फलक लागला तो केवळ कन्नडमध्ये. आमच्या गल्लीत माग चालवणारी म्हातारी माणसे आहेत, मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आहेत. त्यांनी तो फलक पाहिला आणि नगरपालिकेचे काही असेल म्हणून सोडून दिला. शिबिर होऊन गेल्यावर आम्हाला कळले. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, 1956 मध्ये, केंद्राने भाषिक अल्पसंख्याकांसाठी जी निवेदनपत्रिका काढली, तिच्यात ज्या जिल्ह्यात अशी लोकसंख्या 15 ते 20 टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे म्हटलेले आहे. आम्ही इथे उपरे नाही. रोगप्रतिबंधाची सूचना तरी माणसाला कळेल अशा भाषेत हवी.

निपाणीकर

इथे रोग कुत्र्याचा आहे आणि आपण त्यात सीमाप्रश्न आणला. तीन पिढ्या याच राज्यात राहून 'नायी' (कुत्रा) आणि 'लसिके' (लस) हे दोन शब्द वाचता येऊ नयेत का? माझी मुले कन्नड शिकली, त्यात माझ्या मराठीपणाला काही बाधा आली नाही.

वडगावची विणकर

आपल्या मुलांना शाळेत शिकता आले, माझ्या वडिलांना आले नाही. त्यांनी बाराव्या वर्षापासून माग ओढला आणि त्यांचे कन्नड बाजारात बोलण्यापुरते आहे, वाचण्यापुरते नाही. त्यांना दोष देताना आपण जरा विचार केला असता, तर बरे झाले असते. मी कन्नडच्या विरोधात एक अक्षर लिहिलेले नाही. फलकाच्या खालच्या अर्ध्या भागात मराठी लिहा, एवढेच म्हणते आहे. ज्या गल्लीत कुत्र्यांना लस मिळत नाही, त्या गल्लीत उद्या कोणाचा तरी भाचा फाडला जातो. तेव्हा हा विषय आपलाच आहे. तो मी बाहेरून आणलेला नाही.

टिळकवाडीकर

इथे मी विणकरताईंच्या बाजूने आहे. आमच्याकडे लसीचे प्रमाणपत्र मिळाले, त्यावरचा मजकूर वाचायला शेजारच्या मुलाला बोलवावे लागले. मी बँकेत आयुष्य काढले आहे, मला अडाणी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

निपाणीकर

अडाणी कोणी म्हटले? मी भाच्याच्या जखमेबद्दल लिहिले आणि दोघांनी मिळून मला भाषाद्रोही ठरवले. मराठी शाळा टिकावी म्हणून मी स्वतः वर्गणी दिलेली आहे, दारोदार पालकांना भेटलो आहे. फलक दोन भाषांत लावला तर माझी काहीच हरकत नाही. पण फलक लागला तरी कुत्र्याला दोरी बांधून शिबिरापर्यंत नेणारे किती जण असतात, हे छातीवर हात ठेवून सांगा.

खानापूर, पश्चिम भाग

आमच्या भागात फलक कोणत्याही भाषेत लावा, वाचायला माणूस कुठून आणणार? जांबोटी-कणकुंबीकडे वस्त्या एकेका डोंगरावर आहेत, आणि पावसाळ्यात तिथे माणूसच पोहोचत नाही, तर लस कोण आणणार? ते असो. मी तांबूसाठी लिहितो आहे, कारण आमच्याकडेही असा कुत्रा होता. भात पोटरीला आले, म्हणजे कणीस धरू लागले, की रात्री रानडुकरे उतरतात. आमच्या काळ्याने एका डुकराला अडवले आणि सुळ्याने त्याची उजवी बाजू डोळ्यापासून कानापर्यंत उघडली. आम्ही त्याला पोत्यात गुंडाळून दुचाकीवरून नेले. डोळा काढला, तो जगला, त्याने पुढेही राखण केली. परंतु तो पूर्वीसारखा राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे. डुक्कर उजवीकडून आले तर त्याला उशिरा कळायचे, आणि अखेर बिबट्याने त्याला त्याच बाजूने उचलला, असे पावलांवरून दिसत होते. म्हणून माझे हिरण्यकेशीकाठी यांना सांगणे आहे की कुत्री जगवलीत ते योग्य केलेत, मात्र तिला रात्री मळ्यावर सोडू नका. 'डोळा गेला तरी काही बिघडत नाही' असे जे सगळे लिहीत आहेत, त्यांनी रात्रीची राखण केलेली नाही.

चिकोडीचा पशुवैद्य

काही बिघडत नाही, असे मी म्हटलेले नाही. घरात आणि अंगणात निभावते, असे माझे म्हणणे आहे. रानातल्या राखणीबद्दल खानापूरकरांचे म्हणणे मला मान्य करावे लागेल.

निपाणीकरांना एक उत्तर. शिबिर हुकले म्हणजे वर्ष हुकले, असे नाही. तीन महिन्यांवरील पिल्लाला कोणत्याही दिवशी पशुवैद्याकडून लस देता येते. नंतर एक पूरक मात्रा आणि मग दर वर्षी. कुत्रे चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुवावी, हळद किंवा चुना लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात म्हणून आजही लोक टाळतात; ती पद्धत बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ झाला. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत लस देतात, पहिल्या दिवशी (तो शून्य धरून) आणि मग तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी.

टिळकवाडीकर

फुटलेल्या डोळ्याच्या तरुण कुत्रीची गोष्ट वेगळी आणि काचबिंदूने खंगलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याची वेगळी, एवढे मी मान्य करतो. 'त्याच दिवशी' हे शब्द मी लिहायला नको होते, असे आपल्याला वाटत असेल, तर वाटू द्या. परंतु जिथे वेदना थांबत नाही, तिथे माणसाने आपल्या मायेपायी जनावराला अडकवून ठेवू नये, हे माझे म्हणणे कायम आहे. त्यावर कोणीही उत्तर दिलेले नाही.

हिरण्यकेशीकाठी

त्यावर उत्तर नाही, कारण त्याला विरोधच नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही रस्त्यावरच्या कुत्र्याला मरण देण्याची मुभा आहे ती असाध्य आजार झालेल्या किंवा प्राणांतिक जखमी असलेल्यालाच. ज्याला कोणी मालक नाही त्याच्यासाठी कायदा एवढी काळजी घेतो, तर जिला घर मिळाले आहे तिच्यासाठी आम्ही त्याहून कमी का घ्यावी? तांबू या दोन्हींत बसत नव्हती. आपला पामेरियन बसत असेल आणि आपण त्याला मुक्त केलेत, तर त्यासाठी आपल्याला कोणी दोष देऊ नये. मी तरी देणार नाही.

खानापूरकरांचे म्हणणे मात्र मला पटत नाही. आमच्याकडे बिबट्या नदीकाठच्या उसात क्वचित दिसतो, रानडुक्कर त्याहूनही कमी, आणि सासऱ्यांमागून मळ्यावर जाणे हाच तिचा दिवसातला मोठा आनंद आहे. दिवसा ती जाणारच. रात्री तिला ओसरीवर बांधते.

खानापूर, पश्चिम भाग

क्वचित दिसणारा बिबट्याही कुत्र्यासाठीच येतो. बांधू नका, दाराच्या आत घ्या. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.