मदत हवी आहे: खाजेसाठी कुत्रीला कच्चं मांस सुरू करावं का? घरात केमोचा रुग्ण आहे

नमस्कार मंडळी,

आमची जाई लॅब्रॅडॉर आहे, चार वर्षांची, वजन २८ किलो. बरेच महिने तिला खाज सुटते. पुढचे पंजे चाटून चाटून तांबूस झालेत, पोटाखालची कातडी लाल असते, कानाला वास येतो. ड्रॉप्स घातले की कान बरा, थांबवले की पुन्हा तेच. गोचीड-पिसवांचं औषध वेळेवर चालू आहे. डॉक्टरांनी कातडी खरवडून तपासली, त्यात काही निघालं नाही. खाणं म्हणजे चिकनचं ड्राय फूड, पिल्लू असल्यापासून तेच.

कुत्री पाळणाऱ्या ओळखीच्यांनी एकच सल्ला दिला: धान्य बंद कर, कच्चं मांस दे. त्यांच्या कुत्र्यांचे केस खरंच तुकतुकीत आहेत. वाचायला बसले तर ८०-१०-१० हा हिशोब सगळीकडे दिसतो: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के कलेजीसारखे अवयव. तेवढं मोजून द्यायची माझी तयारी आहे.

मला अडतंय ते दुसरीकडेच. सासऱ्यांची केमो चालू आहे. जाई दिवसभर त्यांच्या पलंगाशी असते, हात चाटते, आणि त्यांनाही तिचा फार आधार आहे. तिला त्यांच्यापासून लांब ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. मांस आधी फ्रीझरमध्ये ठेवलं तर जंतू मरतात का? ८०-१०-१० ने सगळं पोषण मिळतं का? आणि मुळात खाज यानेच जाईल का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

माझी दोन्ही कुत्री कच्च्यावर आहेत आणि मी समाधानी आहे, म्हणून आधी अनुभवाचं सांगतो. मोठ्या कुत्र्याला रोज वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के खाणं लागतं, म्हणजे जाईला ५६० ते ८४० ग्रॅम. हाड जास्त झालं की शी पांढरी, खडूसारखी होते आणि कुत्रं कुंथतं. कलेजी ५ टक्क्यांच्या वर नेऊ नका, जीवनसत्त्व अ शरीरात साठत जातं. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात.

८०-१०-१० पुरेसं नाही. त्यात जस्त, मँगनीज, आयोडीन, जीवनसत्त्व ई कमी पडतात, मीसुद्धा ती वेगळी घालतो. आणि हाड वगळून नुसतं मांस देणं सगळ्यात वाईट. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. मग शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढतं. वाढत्या पिल्लांची हाडं अशाने मोडतात.

पण ताई, तुमच्या घरात केमो चालू असताना मी हे करणार नाही. मी या आहाराच्या बाजूचा आहे तरी सांगतो.

प्रतिसाद २

मी पशुवैद्य आहे. वरचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचा, त्याच्याशी मी पूर्ण सहमत आहे.

फ्रीझरने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. काही परजीवी गोठवल्याने मरतात, पण साल्मोनेला आणि लिस्टेरिया हे माणसाला आजारी पाडणारे जंतू तग धरतात. लिस्टेरिया तर फ्रिजच्या थंडीतही वाढतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०१० ते २०१२ या काळात विकतचं कच्चं पेट फूड तपासलं. १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजीन्स सापडला. कुत्र्याला बरेचदा यातलं काही बाधलेलं दिसत नाही, ते आनंदात हुंदडत असतं, पण त्याच्या शीतून साल्मोनेला बाहेर पडत राहतो. तोंडाला, केसांना, भांड्याला लागतो. हात चाटून घेणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी केमोने उतरलेल्या असतील तर हा धोका मी पत्करू देणार नाही. ओटा कितीही धुतलात तरी कुत्रीचं तोंड तुम्ही दिवसभर धुणार नाही.

कुत्र्यांनाही धोके आहेतच. कच्ची हाडं चावताना मोठ्या दाढा फुटतात. शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे अवयव खाल्ल्याने हायडॅटिडचा फीतकृमी (आतड्यातला पट्टीसारखा जंत) होतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात गाठी होतात. २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या अभ्यासात कच्चं चिकन आणि पाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा एक आजार यांचा संबंध दिसला, त्यात कॅम्पायलोबॅक्टर या जंतूवर संशय आहे.

आता खाजेकडे येतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. कुत्र्यांच्या खाजेत धूळकिडे, परागकण यांची ॲलर्जी अन्नाच्या ॲलर्जीपेक्षा जास्त आढळते. अन्नाची असली तरी दोष बहुतेक वेळा प्रथिनाचा असतो: गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, चिकन. गहू यादीत आहे, पण त्यांच्या खाली. जाईला चिकन चालत नसेल तर कच्चं चिकनही चालणार नाही. धान्य काढलं, चिकन ठेवलं, तर काय साधलं? आणि कुत्र्यांना पिष्ट पचतं. माणसाबरोबर राहता राहता त्यांच्यात ते पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा वाढल्या, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलंय.

म्हणून एलिमिनेशन डाएट करा, म्हणजे संशयित अन्न काढून खाज जाते का ते बघायचं. तिने कधीच न खाल्लेलं एक प्रथिन, नीट शिजवून, किंवा हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं (ॲलर्जी उठू नये इतके बारीक तुकडे केलेल्या प्रथिनाचं) प्रिस्क्रिप्शन फूड. किमान आठ आठवडे, दुसरा एक घासही नाही. कानाचा आणि कातडीचा संसर्ग त्याच वेळी पूर्ण बरा करून घ्या, नाहीतर खाज कशाने कमी झाली ते कळणार नाही. फरक पडला तर जुनं खाणं परत देऊन बघायचं. खाज उलटली तर निदान पक्कं.

प्रतिसाद ३

शिजवून देणार असाल तर पाककृती नेटवरून उचलू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरगुती २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी होता. कॅल्शियम, जस्त ही पूड डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे ठरवून घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कच्चं मांस रद्द. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, माझ्यासाठी तिचं काही अडवू नका. मी सांगितलं, अडत नाहीये, तिच्यासाठीही हेच बरं आहे.

एलिमिनेशन डाएट करणार. डॉक्टर, दोन शंका. तिची जंताची गोळी चिकनच्या चवीची आहे, ती चालेल का? आणि बाबा बिस्किटाचा तुकडा देतात, तोही बंद का?

प्रतिसाद २

दोन्ही बंद. चवीच्या गोळ्या, कुत्र्याची टूथपेस्ट, चघळायच्या काड्या, सगळ्यात प्रथिन असतं. बिनचवीची गोळी मागून घ्या. बाबांच्या हातून द्यायला त्याच नव्या प्रथिनाचे शिजवलेले बारीक तुकडे डब्यात काढून ठेवा. द्यायचं बंद करायची गरज नाही, फक्त डबा वेगळा. त्यांनी देऊन झालं की साबणाने हात धुवायचे, चाटल्यावरही. शी उचलायचं काम त्यांना देऊ नका, आणि कुत्री घरात आहे हे त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनाही सांगून ठेवा.