शब्दचर्चा : 'सामूहिक हिंसा' आणि 'शस्त्रबंदी'

प्रश्न (धरमपेठ, नागपूर) : 'शस्त्रकायदे कडक केल्यास सामूहिक हिंसा टळेल का?' या विषयावर महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेसाठी टिपण करीत आहे. यातील 'सामूहिक हिंसा' हा शब्द बरोबर आहे का? 'शस्त्रबंदी' म्हटलेले चालेल का?

उत्तर (महाल) : 'सामूहिक' या विशेषणाने मराठीत बहुधा करणाऱ्यांचा समूह सांगितला जातो, सामूहिक प्रार्थना, सामूहिक रजा ही त्याची उदाहरणे. म्हणूनच 'सामूहिक हिंसा' म्हणताच विदर्भातील वाचकाला खैरलांजी आठवते. २९ सप्टेंबर २००६ रोजी तेथे जमावाने एका दलित कुटुंबातील चौघांना ठार मारले आणि त्यासाठी बंदूक लागली नाही. तो घाव आजही ताजा आहे. बंदुकीच्या परवान्यांच्या चर्चेत नकळत तो ओढला जावा, हे मला अत्यंत अनुचित वाटते. आपल्या विषयात मारणारा बहुतेक वेळा एकटा असतो आणि मरणारे अनेक, म्हणून 'बेछूट गोळीबारातील हत्याकांड' असे स्पष्ट लिहावे.

'शस्त्रबंदी' मात्र टाळावे. सणासुदीला पोलीस आयुक्तालय 'जमावबंदी व शस्त्रबंदी'चा आदेश काढते, तो ठरावीक दिवसांपुरता असतो आणि त्यात लाठ्याकाठ्याही येतात. आपल्याला 'शस्त्रनियंत्रण' म्हणायचे आहे.

उत्तर (सीताबर्डी) : वरील मताशी सहमत आहे. 'कडक' हा शब्दही तपासावा. स्कॉटलंडमधील डनब्लेन येथे १३ मार्च १९९६ रोजी शाळेत १६ मुले व त्यांची शिक्षिका मारली गेली. मारेकऱ्याजवळची पिस्तुले परवान्याची होती, त्यामुळे १९९७ मध्ये ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर घातलेली बंदी नेमक्या ठिकाणी लागू पडली. ऑस्ट्रेलियाने त्याच सुमारास साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका मोबदला देऊन परत घेतल्या. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगण्याची मुभा राहिली. पण 'देशी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त' या बातमीतील कट्ट्याला मुळात परवानाच नसतो. तिथे 'कडक अंमलबजावणी' म्हणावे लागेल.

शिवाय 'टळेल'ऐवजी 'घटतील' हे क्रियापद घ्यावे. ऑस्ट्रेलियात अशी हत्याकांडे विरळ झाली, संपली नाहीत. आणि विरळ होणे हीसुद्धा वाचलेल्या माणसांची गोष्ट आहे, हे टिपणात ठासून लिहावे.