मदत हवी आहे: एकाच उत्तराला मी 2 गुण देते, सहकारी सर 1. दहावीचे पेपर एका मापानं कसे तपासायचे?

नमस्कार. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या बाजूला एका शाळेत नऊ वर्षांपासून विज्ञान शिकवते. दहावीची सराव परीक्षा नुकतीच झाली. विज्ञान भाग 2, 40 गुण. अ तुकडीचे पेपर माझ्याकडे, ब तुकडीचे आमच्या सरांकडे, दोन्ही मिळून 96. निम्मे तपासून झाल्यावर आम्ही सहज एकमेकांचे गठ्ठे चाळले आणि तिथंच अडकलो.

प्रश्न होता, 'सूत्री विभाजनातील पश्चावस्था आकृतीसह स्पष्ट करा.' 3 गुण. (पश्चावस्था म्हणजे पेशीचं विभाजन होताना गुणसूत्रं दुभंगून पेशीच्या दोन टोकांकडं जातात तो टप्पा.) ब तुकडीतल्या एका मुलाचं उत्तर जसंच्या तसं देते:

"गुणसूत्र मधातून तुटते अन् त्याचे दोन भाग दोन टोकाकडं ओढल्या जाते. दोरीनं ओढल्यावानी. तेव्हा ते केळीच्या घडावानी दिसते."

खाली पेन्सिलीनं लांबट गोल, आत दोन्ही बाजूंना चार-चार वाकड्या रेघा. एकाही भागाला नाव दिलेलं नाही.

केळीच्या घडाची उपमा पाठ्यपुस्तकातलीच आहे. पण आमच्याकडं घराघरात केळी, लेकरं घड खांद्यावर वाहतात. हे वाक्य त्यानं पाठ केलं नसावं, त्याला ते डोळ्यांपुढं दिसलं असावं असं मला वाटलं. मी 2 गुण दिले असते. सरांनी 1 दिला. त्यांचं म्हणणं, गुणसूत्रबिंदू (गुणसूत्राचे दोन अर्धे जिथं जोडलेले असतात ती जागा) नाही, अर्धगुणसूत्रे (ते दोन अर्धे) नाही, तुर्कतंतू (त्यांना ओढणारे धागे) नाही, मग गुण कशाला द्यायचे? आपण आत्ता ढील दिली तर मार्चमध्ये लेकरू मार खाईल. हेही मला खोटं वाटत नाही.

त्या रात्री झोप लागली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी एक करून बघितलं. आधी तपासलेले माझेच पाच पेपर काढले, गुणांवर कागद चिकटवला आणि पुन्हा तपासले. एका मुलीला पहिल्यांदा 23 दिले होते, आता 26 झाले. दोघांचे एकेक गुणानं हलले. एक मुलगा 14 वरून 13 वर आला. 40 पैकी 14 म्हणजे बरोब्बर 35 टक्के. म्हणजे पेपर गठ्ठ्यात वर होता की खाली, यावर माझा निकाल ठरतोय. सरांशी वाद घालायचा मला काय अधिकार, असं झालं.

मुलाचे शब्द आणि पुस्तकातले शब्द यांत रेघ कुठं ओढायची? आणि शंभर पेपर तपासताना हात एकसारखा कसा ठेवायचा? जाणकारांनी कृपया सांगावं. निकाल आठ दिवसांत लावायचा आहे.

प्रतिसाद: निवृत्त शिक्षक, परभणी

मॅडम, तुम्ही स्वतःचे पेपर झाकून परत तपासले. तीस वर्षांच्या नोकरीत हे करणारी माणसं मला फार थोडी भेटली. हात हलतो हा तुमचा एकटीचा दोष नाही. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी 1912 मध्ये इंग्रजीचा एकच पेपर कितीतरी शिक्षकांकडून तपासून घेतला, तर गुण 64 पासून 98 पर्यंत पसरले. लोक म्हणाले, भाषेचा विषय आहे, होणारच. मग पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर दिला. तिथं तर 28 ते 95.

पहिलं काम, पेपर उभे तपासू नका, आडवे तपासा. म्हणजे एका मुलाचा अख्खा पेपर संपवायचा नाही. सगळ्या 96 जणांचा पश्चावस्थेचाच प्रश्न एका बैठकीत काढा, मग गठ्ठा पिसा आणि पुढचा प्रश्न घ्या. पहिल्या पानावरचं सुंदर अक्षर शेवटच्या पानाला गुण देऊन जातं, ते यानं थांबतं. नावाचं पान मागं दुमडून ठेवा. जेवणानंतर बसलात की आधी तपासलेले दोन पेपर पुन्हा वाचा आणि मगच पुढं जा. बोर्डाला परीक्षकाच्या वर त्याचे तपासलेले पेपर बघणारा नियामक असतो, शाळेत कुणी नसतो. तेव्हा तुम्ही सरांच्या गठ्ठ्यातले दहा बघा, त्यांनी तुमचे दहा बघावेत.

प्रतिसाद: विज्ञान शिक्षक, जालना

मी तुमच्या सरांच्या बाजूनं बोलतो. 'अर्धगुणसूत्र' हा शब्द शोभेचा नाही. अर्धसूत्री विभाजनाच्या (ज्यात गुणसूत्रांची संख्या निम्मी होते) पहिल्या भागातही गुणसूत्रं दोन टोकांकडं जातातच. पण तिथं समजात, म्हणजे आई-वडिलांकडून एकेक आलेल्या सारख्या, गुणसूत्रांची जोडी सुटते, गुणसूत्रबिंदू दुभंगत नाही, अख्खी गुणसूत्रं जातात. मूल नुसतं 'गुणसूत्र टोकाकडं जाते' म्हणालं तर ते कोणत्या विभाजनाबद्दल बोलतंय हेच कळत नाही. विज्ञानात शब्दानं अर्थ बांधलेला असतो.

प्रतिसाद: कनिष्ठ महाविद्यालय, उदगीर

जालन्याच्या सरांचा मुद्दा पक्का आहे, पण याच कारणानं त्या मुलाचं उत्तर पुन्हा वाचावं लागतं. तो 'मधातून तुटते अन् त्याचे दोन भाग' म्हणतोय. म्हणजे जोडी सुटत नाही, एकच गुणसूत्र दुभंगतंय. त्यानं गुणसूत्रबिंदूचं काम सांगितलंय, नाव सांगितलं नाही. नाव आणि काम यांचे गुण वेगळे करा म्हणजे भांडण मिटेल.

गुणदान योजना, म्हणजे कशाला किती गुण याची यादी, तपासायला बसण्याआधी दोघांनी मिळून लिहून काढा. नुसतं आदर्श उत्तर पुरत नाही. काय चालेल, काय चालणार नाही, तेही लिहा. 'तुर्कतंतु' ऱ्हस्व लिहिलं तर चालेल. 'तंतुकणिका' ऐवजी मायटोकाँड्रिया कसंही लिहिलं, वाचून तेच कळतंय तर चालेल. पण 'सूत्री'च्या जागी 'अर्धसूत्री' पडलं तर ती शुद्धलेखनाची चूक नाही, उत्तरच बदललं. एका चुकीचे गुण दोनदा कापू नका. फरकाच्या प्रश्नात दोन्ही बाजू एकाच मुद्द्यावर असतील तरच गुण द्या. दोन फरक विचारले आणि चार लिहिले तर पहिले दोन धरा, आणि हे मुलांना परीक्षेआधी सांगून ठेवा.

मॅडम, एक विचारतो. त्या वाकड्या रेघांची खोच, म्हणजे रेघ जिथं वाकते तो कोपरा, कुठल्या बाजूला आहे? पेशीच्या टोकाकडं की मध्याकडं?

मूळ प्रश्नकर्ती

उदगीरच्या सरांचा प्रश्न वाचला आणि शाळेत जाऊन पेपर काढला. सगळ्या रेघांची खोच टोकाकडं आहे आणि दोन्ही शेपट्या मध्याकडं लोंबतात. दोरी गुणसूत्रबिंदूला बांधलेली असते, म्हणून तो पुढं जातो आणि भुजा मागं फरफटतात. हे त्यानं नाव न देता अचूक काढलंय. मी आधी बघितलंच नव्हतं.

मग अ तुकडीतल्या पहिल्या नंबरच्या मुलीची आकृती काढली. पट्टीनं ओढलेल्या नावाच्या रेषा, तिन्ही नावं बिनचूक, अक्षर मोत्यासारखं. मी डोळे झाकून 3 दिले होते. तिची खोच उलटी आहे, मध्याकडं.

काल सर आणि मी शाळा सुटल्यावर दोन तास बसलो. ठरलं ते असं: गुणसूत्रबिंदू दुभंगणं 1, त्यात काम अर्धा आणि नाव अर्धा. तुर्कतंतूंनी टोकाकडं ओढणं 1, तसाच विभागलेला. आकृती 1, त्यात खोच बरोबर असेल तर अर्धा, नावांना अर्धा. दोघांनी सहा पेपर वेगवेगळे तपासले, चार जुळले, दोन ठिकाणी अर्ध्या गुणाचा फरक पडला. त्यावर बोलून योजनेत दोन ओळी वाढवल्या आणि आज सकाळपासून आडवं तपासणं सुरू केलंय. मुलाचे दीड झाले, मुलीचे अडीच. माझे 2 पण चुकले, सरांचा 1 पण.

14 वरून 13 वर आलेल्या मुलाचा पेपर नव्या योजनेनं सर तपासणार आहेत, माझे दोन्ही वेळचे गुण न बघता. एवढं एक अजून सांगा: मासिक पाळीच्या प्रश्नात बऱ्याच मुलींनी संप्रेरकांची नावं बरोबर दिली आहेत, पण क्रम उलटा लिहिलाय. तिथं नावांचे गुण द्यायचे की क्रम चुकला म्हणून सगळेच कापायचे?