मार डोक्याला लागलाय, मग रक्त पोटातून का येतंय?

प्रश्न:
भावाचा अ‍ॅक्सिडेंट झालाय, डोक्याला जबर मार आहे, आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवलंय. काल नाकातल्या नळीतून कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी आलं. डॉक्टर म्हणाले मेंदूच्या दुखापतीमुळे पोटात अल्सर झालाय. पोटाला तर साधं खरचटलंही नाहीये, आणि त्याला आधी कधी अ‍ॅसिडिटीचाही त्रास नव्हता. कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, डोकं चालत नाहीये.

प्रतिसाद १:
ताई, डॉक्टर बरोबर सांगतायत. याला कुशिंग अल्सर म्हणतात, हार्वे कुशिंग या न्यूरोसर्जनने १९३२ मध्ये यावर सविस्तर लिहिलं होतं, त्याच्या नावावरून. होतं असं की मेंदूला सूज येते पण कवटी हाडाची, ती काही फुगत नाही, मग आतलं प्रेशर वाढतं. मेंदूतून निघून जठरापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस आहे, ती या दाबामुळे जास्तच उत्तेजित होते असं मानतात. तिच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि जठरातल्या पेशी भरमसाट अ‍ॅसिड बनवायला लागतात. म्हणून आधी अ‍ॅसिडिटी नसलेल्या माणसालाही होतो.

प्रतिसाद २:
मी आयसीयूत नर्स आहे. वरचं बरोबर आहे पण नुसतं अ‍ॅसिड नाही हो, एवढ्या मोठ्या स्ट्रेसमध्ये जठराच्या अस्तराला रक्त कमी मिळतं, मग ते स्वतःला वाचवू शकत नाही. त्यात ४८ तासांपेक्षा जास्त व्हेंटिलेटर किंवा रक्त गोठण्यात गडबड असेल तर ब्लीडिंगचा धोका अजून वाढतो. त्यासाठीच अशा पेशंटला पँटोप्राझोलसारखं अ‍ॅसिड कमी करणारं औषध देतात आणि जमेल तितक्या लवकर नळीतून फीड सुरू करतात.

प्रश्नकर्ती:
खूप आभार दोघांचे. पँटोप्राझोल चालू आहे. आम्ही कशावर लक्ष ठेवायचं?

प्रतिसाद २:
भाऊ बेशुद्ध आहे ना, पोट दुखतंय हे तो सांगू शकणार नाही, आणि हे अल्सर खोल असतात, कधी कधी जठराला भोकही पडतं. त्यामुळे पोट फुगलेलं किंवा कडक वाटलं, शी डांबरासारखी काळी झाली, नळीतून लाल रक्त आलं, तर राउंडची वाट बघू नका, तेव्हाच सांगा. हिमोग्लोबिन किती आहे ते रोज विचारा, विचारायला अजिबात संकोच करू नका. आणि त्याला आधीपासून रक्त पातळ करायची किंवा दुखण्याची गोळी चालू असेल तर ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाला.